‘रफ ठेवून जा’ म्हणणाऱ्यांपासून सावध

‘एक साधं बोधचिन्ह तर काढायचंय, तुम्हाला काय, अर्ध्या तासाचं काम’ असं जो म्हणतो, त्याच्याकडून आधी निम्मे पैसे घ्यावेत आणि मगच पेन्सिलीला टोक काढावं. माझे पैसे गेले ते गेले. पण दरवर्षी कितीतरी मुलंमुली कमर्शियल आर्ट शिकून बाहेर पडतात आणि पहिलं काम म्हणून शाळेचं नाहीतर देवळाचं बोधचिन्ह हमखास त्यांच्या गळ्यात पडतं. त्यांनी तरी हे वाचावं. वाचून ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल रागवावं. ते कोण, ते मला पक्कं ठाऊक आहे.

संस्थेचं नाव लिहीत नाही. स्वारगेटपासून फार लांब नाही, एवढं पुरे. सुवर्णमहोत्सव तोंडावर आला होता आणि सचिवांना ‘जुनं चिन्ह बदलून काहीतरी भारदस्त’ हवं होतं. यादी त्यांनीच लिहून आणली होती : सरस्वती, पुस्तक, दिवा, संगणक, पृथ्वीचा गोल, सह्याद्री, उगवता सूर्य आणि डोक्यावर चार सिंह. ढाल कसली, रुखवतच मांडायचं होतं त्यांना!

मी समजावून सांगितलं. रयत शिक्षण संस्था बघा म्हटलं. १९१९ साली कर्मवीरांनी काढलेली संस्था, आज राज्यभर पसरली आहे आणि चिन्ह काय, तर एक वटवृक्ष. कुणालाही लांबून ओळखू येतो. सिंहांबद्दल तर स्पष्टच सांगितलं की ते राष्ट्रचिन्ह आहे. त्याच्या गैरवापराविरुद्ध २००५चा स्वतंत्र कायदा आहे आणि दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. खासगी शाळेच्या ढालीवर ते बसवता येत नाही. सचिव म्हणाले, ‘पण भारदस्त दिसतं हो!’ सिंह गेल्यावर अष्टकोन आला. २ सप्टेंबर २०२२ला नौदलाच्या नव्या निशाणावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन झळकला, तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या संस्थांना अष्टकोनच हवा असतो. बरं, अष्टकोनाला हरकत नाही, पण मग आत आठ गोष्टी कोंबू नका.

शेवटी मी तीनच गोष्टी ठेवल्या : समई, उघडं पुस्तक आणि मागे सह्याद्रीच्या दोन रांगा. ब्रीदवाक्य फॉन्टमधून न उचलता हाताने लिहिलं. सचिवांनी बघितलं, मान डोलावली आणि म्हणाले, ‘रफ ठेवून जा. कार्यकारिणीपुढे ठेवतो, ठराव झाला की लगेच चेक.’ ठरावाची प्रत मी त्याच वेळी मागितली होती, हे इथे नमूद करतो, कारण नंतर ‘तुम्ही काही बोललाच नाहीत’ असं मला ऐकवण्यात आलं. रफच्या कोपऱ्यात माझी सही होती, तारीख होती आणि ‘मसुदा’ असा शिक्का होता. पुढे तो कोपरा कात्रीने गेला, ती गोष्ट वेगळी.

त्यानंतरचं संभाषण ज्याने संस्थांची कामं केली आहेत त्याला पाठ असेल. अध्यक्ष गावाला गेलेत. कोरम झाला नाही. खजिनदार बदलले. वार्षिक सभा होऊन जाऊ द्या. आणि सगळ्यात शेवटी, ‘तो विषय सध्या स्थगित ठेवलाय.’ ठीक आहे म्हटलं आणि सोडून दिलं.

डिसेंबरात बहिणीला साताऱ्याच्या गाडीत बसवायला स्वारगेटच्या एसटी स्टँडवर गेलो होतो. सहलीचे दिवस. लालपरीच्या दाराशी पोरांची रांग लागलेली, अंगात नवे कोरे ब्लेझर. खिशावर जरीची ढाल. समई, पुस्तक, डोंगराच्या दोन रांगा. मी जवळ गेलो. पुस्तकाखाली डावीकडून उजवीकडे एक तिरकी रेघ गेली होती, ढालीच्या कडेबाहेर थोडीशी निसटलेली. ती माझी पेन्सिलची मार्गरेषा! पुस्तक सरळ बसतंय का ते बघायला मारलेली आणि रफ म्हणूनच न खोडलेली. रफ स्कॅन करून कुणीतरी कोरलमध्ये ट्रेस केलं होतं. मशिनला काय कळतं चित्र कुठलं आणि मार्गरेषा कुठली? तिने तीही सोनेरी धाग्यात विणून काढली.

एका मुलाला विचारलं, ‘बाळा, ही रेघ कसली रे?’ तो म्हणाला, ‘ते ज्ञानाचं क्षितिज आहे. परिपाठाला सरांनी सांगितलंय.’

हसावं की रडावं कळेना. बहिणीची गाडी सुटली तरी मी त्या खिशाकडेच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सचिवांच्या पुढ्यात जाऊन बसलो. चहा आला. सचिव म्हणाले, ‘ते आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी काढलंय.’ मी बरोबर नेलेला ट्रेसिंग पेपर त्यांच्याच लेटरहेडवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरला. रेघेवर रेघ बसली, क्षितिजासकट. माणूस ओशाळेल असं मला वाटलं होतं. छे! ते म्हणाले, ‘दिवा आणि डोंगर काय तुमच्या मालकीचे आहेत का हो?’ मग सूर बदलला. ‘लेकरांचं काम आहे, दान समजा.’ आणि निघताना, ‘स्नेहसंमेलनाला या ना, शाल-श्रीफळ देऊ.’ शाल मी नाकारली. माझ्याकडे आहेत शाली.

आता मालकीचं. कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, हे सचिवांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं. समई कुणीही काढावी. पण मी काढलेल्या समईच्या रेषा माझ्या असतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र कागदावर उतरलं की हक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जातात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. एक गोम मात्र आहे. पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून रंगवलेलं चित्र किंवा व्यक्तिचित्र असेल, तर वेगळा करार नसल्यास पैसे देणाराच पहिला मालक ठरतो. बोधचिन्ह त्यात बसतं की नाही यावर वकील वाद घालत बसतील. तुम्ही करारात एक ओळ टाका : ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावरच हक्क संस्थेकडे जातील.’ माझ्या बाबतीत तर रक्कमच नाही आणि कागदही नाही, मग संस्थेकडे गेलं काय?

हक्क विकल्यावरही कलावंताचं थोडं काही उरतं. विज्ञान भवनातलं आपलं भित्तिशिल्प सरकारने काढून टाकून त्याची वाट लावली, म्हणून शिल्पकार अमरनाथ सहगल कोर्टात गेले. २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला : शिल्पाचे अवशेष परत आणि पाच लाखांची भरपाई. तिथे समोर केंद्र सरकार होतं. माझ्यासमोर एक सचिव होते, तरी माझ्या वकिलाच्या नोटिशीला अजून उत्तर आलेलं नाही.

देवस्थानांची तऱ्हा निराळी. तिथे पैसे बुडवायला सचिव लागत नाही, विश्वस्तांचे दोन गट पुरतात. एका मठाचं काम मला एका गटाने दिलं. चिन्ह तयार होईपर्यंत धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्तबदलाच्या अर्जावर हरकत दाखल झाली आणि दुसरा गट म्हणाला, ‘तुम्हाला ज्यांनी सांगितलं ते विश्वस्तच नव्हेत.’ तेव्हापासून मी देवस्थानाचं काम घेताना परिशिष्ट एकचा ताजा उतारा मागतो. त्यात ज्यांची नावं आहेत त्यांच्याच सहीचा ठराव घेतो. लोकांना हा आगाऊपणा वाटतो. वाटू दे.

याउलट एका कॅथलिक शाळेचं काम केलं तेव्हा फादरांनी सुरुवातीलाच टाइप केलेलं पत्र हातात दिलं. त्यांच्याकडे चिन्हांचे नियम शतकानुशतकं ठरलेले आहेत. बिशपच्या ढालीवर हिरवी टोपी आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा गोंडे, आर्चबिशपला दहा-दहा, कार्डिनलला लाल टोपी आणि पंधरा-पंधरा. एक गोंडा चुकला की पदच बदललं. ज्यांना नियम माहीत असतात ते रफवरून घासाघीस करत नाहीत, असा माझा अनुभव.

ढाल हा मुळात युरोपातला प्रकार. आपल्या संस्थानिकांनाही १८७७च्या दिल्ली दरबारात रेशमी निशाणांवर अशी मानचिन्हं मिळाली. ती काढली होती रॉबर्ट टेलर नावाच्या बंगाल सनदी सेवेतल्या अधिकाऱ्याने. तेव्हा ‘आमची परंपरा’ म्हणून ढालीवर कुणी आग्रह धरला तर त्याला ही तारीख सांगा. पण त्या शास्त्रातला एक नियम मात्र सोन्यासारखा आहे : सोनेरी आणि रुपेरी हे धातू, लाल, निळा, हिरवा, जांभळा, काळा हे रंग. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. पांढरा म्हणजे रुपेरीच. पांढऱ्या शर्टावर सोनेरी भरतकाम मागणाऱ्या मुख्याध्यापकांना हा नियम सांगितला की ते जेरुसलेमच्या जुन्या राज्याचं उदाहरण देत नाहीत. दिलंच, तर सांगा की रुपेरीवर सोनेरी क्रॉस हा त्या राज्याचा प्रसिद्ध अपवाद होता आणि तुमची शाळा अजून तिथवर पोचलेली नाही.

आता कामाच्या गोष्टी, सुचतील तशा.

रफ कधीही ठेवून येऊ नका. बैठकीत स्वतः न्या, दाखवा, परत आणा. फोनवर पाठवायचंच असेल तर लहान आकाराचं आणि चित्रावरून आडवं नाव टाकून पाठवा. कोपऱ्यातलं नाव कात्रीने जातं, मधलं जात नाही.

मार्गरेषा खोडू नका. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. माझ्याकडे पुरावा म्हणून उरलंय ते तेवढंच.

देवनागरी वर्तुळात वळवताना सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका. अक्षरं एकेक करून फिरतात आणि शिरोरेषा तुटते. आधी शिरोरेषेचा कंस काढा आणि अक्षरं त्याला हाताने टांगा. फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून द्या, नाहीतर प्रेसच्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटतात. संस्कृत ब्रीदवाक्य जाणकाराकडून तपासून घ्या. विसर्गाच्या जागी कोलन टाइप केलेली एक कमान मी रोज बघतो आणि रोज चरफडतो.

चिन्ह आधी रबरी शिक्क्याच्या आकारात काढून बघा, मग फ्लेक्सच्या. भरतकामात पाच मिलिमीटरपेक्षा लहान मराठी अक्षर घेऊ नका. वेलांट्या आणि मात्रा धाग्यात बुजतात.

उद्यम नोंदणी करून ठेवा. लघुउद्योगांच्या २००६च्या कायद्याने पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे देणं बंधनकारक आहे, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं. बिलावर ही ओळ छापली की खजिनदारांची गावाला जायची घाई जरा कमी होते.

माणसं ओळखायला शिका. सगळं लेखी ठेवा. कुणावर आंधळा विश्वास टाकू नका. हे सगळे सांगतात, मीही सांगतो. उपयोग किती होतो, देव जाणे.

आणि कुणी ‘दान समजा’ म्हणालं तर चिडू नका. शांतपणे सांगा की कामाच्या रूपात दिलेल्या दानाला ८०जीची सवलत मिळत नाही, ती पैशांच्या देणगीला मिळते. म्हणून आधी बिल पूर्ण चुकतं करा. मग मला वाटेल तेवढ्या रकमेचा चेक मी संस्थेच्या नावाने लिहीन, पावती घेईन आणि देणगीदारांच्या फलकावर माझं नाव शुद्धलेखनासह लावून घेईन. आमच्या सचिवांनी हे ऐकलं आणि ते पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.