ट्रॅक्टर गेला, शेड राहिली
(पाठ : कमी खर्चात गटाच्या मालाची आणि बसायची जागा)

मैत्रिणींनो, आपल्या गावातून एक चक्कर मारा. कुठे ना कुठे रिकामी शेड दिसेलच. ट्रॅक्टर विकलेला असतो, नाहीतर टेम्पोचे हप्ते थकलेले असतात. गाडी गेली आणि शेडमध्ये जुने टायर, फुटकी घमेली, मोडकी खाट नि खताची रिकामी पोती साठत गेली. त्याच गावात गटाची बैठक कुणाच्या तरी पडवीत भरते, तीही सासऱ्यांच्या झोपेची वेळ सांभाळून. गटाची हळद एकीच्या माळ्यावर, पापडाचे डबे दुसरीच्या कॉटखाली, वजनकाटा तिसरीकडे.

अशी शेड गटाला मिळाली तर दोन्ही अडचणी सुटतात. पण पैसे कशावर आधी घालायचे ते कळलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी पहिला खर्च रंगावर आणि खुर्च्यांवर होतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. खरा खर्च न दिसणाऱ्या गोष्टींवर हवा : कागद, ओल आणि उंदीर. आपण १० बाय १६ फुटांची शेड धरून चालू. तुमची लहान-मोठी असेल तर आकडे त्या मानाने बदला.

आधी कागद, मग खराटा

शेड बहुतेक वेळा एखाद्या ताईच्या घरची असते. "आपलीच तर आहे, कागद कशाला?" असं तीच म्हणते आणि मनापासून म्हणते. पण ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर नाव तिच्या सासऱ्यांचं किंवा दिरांचं असतं. गटाने पैसे घातले, फरशी झाली, लाइट आली की तीच शेड घरच्यांना पुन्हा आपली वाटायला लागते. मग सून मधल्या मधे अडकते. तेव्हा हा कागद गटासाठी आहे तितकाच त्या ताईसाठीही आहे.

उतारा मागून घ्या आणि ज्यांचं नाव आहे त्यांच्याशीच करार करा. किती वर्षं, भाडं किती, सोडायची वेळ आली तर किती महिने आधी सांगायचं, दुरुस्तीचा कोणता खर्च भाड्यातून वळता होणार, हे सगळं त्यात येऊ द्या. करार नोंदवायचा कसा ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा. खर्चाचा ठराव बैठकीच्या इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

खर्च किती करावा, याचा हिशोब सोपा आहे. करार ३ वर्षांचा म्हणजे ३६ महिन्यांचा असेल आणि तुम्ही ३६,००० रुपये घातले, तर महिन्याला १,००० रुपये भाडं दिल्यासारखंच झालं. बारा जणी असाल तर प्रत्येकीच्या वाट्याला साधारण ८३ रुपये आले. हे परवडतं का, ते आधी ठरवा. आणखी एक गोष्ट. फरशी, भिंत, उंबरठा जागेवरच राहणार, म्हणून तो खर्च मालकाने करावा किंवा भाड्यातून वळता करावा. रॅक, पंखा, जाळीच्या चौकटी गटाच्या. त्या नटबोल्टवर बसवा, म्हणजे जाताना खोलून नेता येतात.

तेलाचा वास आणि जमिनीची ओल

सगळा पसारा बाहेर काढा. अर्धी शेड तशीच ठेवून काम होत नाही. गाडीच्या जागी ऑइल आणि डिझेल मुरलेलं असतं. तिथे लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती पसरून रात्रभर राहू द्या, सकाळी खरवडून काढा, मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून ब्रशने घासा. दोन-तीन वेळा करावं लागतं. हातात रबरी मोजे घाला, आणि तो तेलकट भुसा चुलीत घालू नका. इतकं करूनही वास राहिला, तर तिथे मसाला, पीठ, पापड ठेवायचेच नाहीत. खाण्याचा माल वास धरतो आणि एकदा धरला की गिऱ्हाईक परत येत नाही.

आता ओल. त्यासाठी पैसे लागत नाहीत. जाड प्लॅस्टिकचा दोन बाय दोन फुटांचा तुकडा जमिनीवर अंथरा आणि चारही कडा रुंद चिकटपट्टीने बंद करा. एक दिवस-रात्र थांबा. उचलल्यावर प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा जमीन काळपट झाली, तर ओल खालून येते आहे. ही परीक्षा जमलं तर पावसाळ्यातच करा. उन्हाळ्यात प्रत्येक शेड कोरडी असते.

खालून ओल येत असेल तर नुसता वरून सिमेंटचा हात फिरवून उपयोग नाही. जमीन ठोकून त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, त्याची कड भिंतीकडे थोडी वर घ्यायची आणि वर ३ इंच काँक्रीट टाकायचं. आपल्या १६० चौरस फुटांना एकास दोन, दोनास चार या मापाने सिमेंटची साधारण ७ पोती, वाळू १८ घनफूट आणि खडी ३५ घनफूट लागते. ब्रास म्हणजे १०० घनफूट. म्हणून कुणी "एक ब्रास वाळू टाकतो" म्हणालं तर उरलेली कुठे जाणार ते विचारा. काँक्रीट झाल्यावर किमान सात दिवस पाणी मारायचं. हे काम पाळीने आपणच करू शकतो, त्याला मजुरी नको.

पैसे अगदीच कमी असतील तर पूर्ण फरशी करू नका. माल ठेवायच्या मागच्या भागात करा, बसायच्या भागात सारवण चालतं.

उंदीर, पत्रा आणि वारा

घरातला छोटा उंदीर बोटभर जाडीच्या फटीतून सहज आत येतो, म्हणून खिडकी-झरोक्याला पाव इंचाची लोखंडी जाळी लावा. त्याहून मोठ्या भोकांची स्वस्त जाळी घेतलीत तर पैसे गेले. शटरच्या किंवा दाराच्या खालची फट ही त्यांची मुख्य वाट. रबराची पट्टी ते कुरतडतात. तिथे सिमेंटचा उंबरठा घाला आणि लाकडी दाराला खालून पत्र्याची पट्टी ठोका. आपल्या जुन्या घरांना उंच उंबरठे उगाच नव्हते.

वारा खेळायला समोरासमोर दोन झरोके हवेत, एक खाली, एक वर. पाऊस पडत असताना बंद, कोरड्या दुपारी उघडे.

पत्र्याखाली एप्रिल-मे महिन्यात बसणं कठीण. पत्र्याला वरून पांढरा चुना मारला तर फरक पडतो. अहमदाबाद शहरात २०१७ पासून गरीब वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याचं काम झालं, ते याचसाठी. चुना पावसात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो. चुना भिजवताना तो उकळतो, तेव्हा डोळे सांभाळा आणि लेकरांना लांब ठेवा. छपरावर जुने करडे सिमेंटचे पत्रे असतील तर ते कापू नका, भोकं पाडू नका, कोरड्या खराट्याने झाडू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

पिवळी रेघ

आता जागेची वाटणी. मागचे ७ फूट मालाला, दाराकडचे ९ फूट बसायला. दार बहुधा एकच असतं, म्हणून माणसं दाराजवळ हवीत. बसायच्या भागाच्या तीन बाजूंनी टेकून बसलं तर ९, १० आणि ९ अशी २८ फूट भिंत मिळते. दाराचे तीन-चार फूट सोडा. एका बाईला दोन फूट धरले तर बारा जणी आरामात बसतात, आणि मधे वह्या मांडायला जागा राहते.

मालाकडे लाकडी फळ्यांवर पोती ठेवा, जमिनीपासून चार-सहा इंच वर आणि भिंतीपासून दीड फूट लांब. ही दीड फूट मोकळी जागा सगळ्यांना वाया गेल्यासारखी वाटते. पण तिथून झाडू फिरतो आणि उंदराच्या लेंड्या वेळेवर दिसतात. अशी ५० किलोची वीस-पंचवीस पोती मावतात. पोत्यावर तारीख लिहा, आधी आलेलं आधी बाहेर. रॅक भंगारवाल्याकडे अँगलचे मिळतात. जुन्या फळ्या घेताना मात्र वास घेऊन पाहा. औषधाचा वास असेल तर फुकटही नको.

दोन भागांच्या मधे जमिनीवर पिवळ्या रंगाची जाड रेघ मारा. माल रेघ ओलांडणार नाही, असा ठराव करा. हे लहान वाटेल, पण जागा इथेच हातची जाते. सुगीत चार पोती "दोन दिवसांसाठी" पुढे येतात आणि दिवाळीपर्यंत तिथेच राहतात. मग बैठक पुन्हा पडवीत. पुरुषांना पार आहे, टपरी आहे, देवळाचा सभामंडप आहे. बायकांनी दोन घटका टेकावं, एखादीने मनातलं बोलावं, पोरींनी संध्याकाळी अभ्यास करावा, अशी जागा गावात कुठे आहे? म्हणून बसायचे ९ फूट हे उरलेली जागा नाहीत. ते मालाइतकेच कामाचे आहेत.

लाइटचं बोलणंही मालकाशी आकड्यात करा. २० वॅटची ट्यूब आणि ७५ वॅटचा पंखा रोज चार तास चालले तर महिन्याला साधारण ११-१२ युनिट होतात. वायरिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

एक गोष्ट जिवाची

धान्याला किडे लागू नयेत म्हणून ज्या गोळ्या ठेवतात, त्यांना हवेतला दमट लागला की विषारी वायू सुटतो. बंद खोलीत त्या वायूने माणसं मेलेली आहेत, आणि त्यावर उतारा नाही. या गोळ्या सर्वसामान्य माणसाने वापरायच्याच नाहीत, तसा नियम आहे. जिथे आपण बसतो, लेकरं झोपतात, तिथे तर गोळीचा डबासुद्धा नको. फवारणीची औषधं, खतं, उंदराचं विष यांचंही तेच. शेड ज्यांची आहे त्यांना हे आधीच सांगून करारात लिहून घ्या, कारण "एका कोपऱ्यात ठेवतो" असं हमखास येतं.

मग धान्य टिकवायचं कसं? कडक वाळवून. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे, दबला तर अजून ऊन द्या. गार झाल्यावर हवाबंद पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या कोठीत भरा. आत हवा उरली नाही की किडा जगत नाही. उंदराला पिंजरा किंवा चाप लावा.

किल्ल्या दोन करा. त्या कुणाकडे असतील ते दर तीन महिन्यांनी बदला आणि वहीत लिहा. एक किल्ली शेडवाल्या ताईकडे कायम ठेवू नका. रात्री-अपरात्री दार तिलाच उघडावं लागतं आणि काही कमी भरलं तर बोटही तिच्याकडेच जातं.

पुढच्या बैठकीला येताना मोजपट्टी, दोरी आणि मूठभर चुना आणा. शेड अजून मिळाली नसली तरी चालेल. अंगणात १० बाय १६ फुटांचा चौकोन आखा, ७ फुटांवर रेघ मारा, मागे चार रिकामी पोती मांडा आणि सगळ्या जणी पुढच्या भागात बसून बघा. कुणाचे पाय रेघेवर जातात, दार कुठे हवं, वहीवर उजेड कुठून येईल, हे तिथेच ठरवून इतिवृत्तात लिहा.