कोरडा दिवस

घरात पाणी साठवून ठेवणे हे दूरदृष्टीचे लक्षण होय. परंतु तेच पाणी आठवडाभर उघडे राहिले, तर त्यातून रोग पसरतो. डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाची मादी साचलेल्या स्वच्छ पाण्याच्या काठाशी अंडी घालते. अंड्यापासून डास होण्यास सुमारे ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप व रांजण रिकामे करून, आतून घासून कोरडे करावेत. यासच ‘कोरडा दिवस’ म्हणतात. अंडी कडेला चिकटलेली असतात. नुसते पाणी ओतून ती जात नाहीत. काढलेले पाणी झाडांच्या मुळाशी घालावे. मातीत अळ्या मरतात, झाड वाढते आणि विषारी फवारणीची गरजही कमी होते. मात्र हे व्रत साऱ्या आळीने पाळावे. कारण शेजारच्या परसात पडलेल्या एका करवंटीतील पाणीही डासांना पुरेसे असते.