चलचित्राची फाइल : नाव आणि दर्जा

कोल्हापूरचे नाव मराठी चित्रपटाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. बाबूराव पेंटर यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० सालचा. १९२९ साली येथेच स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट सादर केला. अशा चित्रपटांच्या संगणकीय प्रती आज शाळांच्या व ग्रंथालयांच्या संग्रहात येतात. एकाच चित्रपटाच्या अनेक प्रती आढळल्यास त्यांतील कोणती जपावी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

प्रतीचा दर्जा प्रथम तिच्या स्रोतावर अवलंबून असतो. व्हीसीडीवरील चित्रात ३५२ × २८८ चित्रबिंदू असतात. आपल्याकडील डीव्हीडीवर ७२० × ५७६, तर ‘फुल एचडी’त १९२० × १०८०, म्हणजे डीव्हीडीच्या पाचपट. तथापि व्हीसीडीवरील चित्र ताणून फाइलला ‘१०८०’ असे नाव दिल्याने नवा तपशील निर्माण होत नाही. ताकात पाणी घालून घागर भरली, तरी लोणी वाढत नाही!

नावाच्या शेवटी येणारी ‘एमपी४’ किंवा ‘एमकेव्ही’ ही अक्षरे केवळ वेष्टनाची निदर्शक होत. त्यावरून दर्जा कळत नाही. आकारही निर्णायक नव्हे. एच.२६५ ही नवी पद्धत एच.२६४ पेक्षा बऱ्याच कमी जागेत तेवढेच चांगले चित्र साठवू शकते. मात्र अतिसंकोच केल्यास काळोख्या दृश्यांत चौकोनी ठिपके उमटतात.

यास्तव नाव देताना शीर्षक, वर्ष, स्रोत व उभे चित्रबिंदू हा क्रम पाळावा. उदाहरणार्थ : ‘अयोध्येचा-राजा_१९३२_डीव्हीडी_५७६’. स्रोत ठाऊक नसल्यास ‘स्रोत अज्ञात’ असेच लिहावे.

हाच नियम ग्रामपंचायतींनाही उपयुक्त आहे. ग्रामसभेचे किंवा २०१९ च्या महापुरासारख्या आपत्तीचे चित्रण भ्रमणध्वनीच्या संदेशसेवेतून पाठविले की ते बहुधा आक्रसते, आणि चित्रणाची मूळ तारीखही अनेकदा गळून पडते. पुढे पंचनाम्याच्या वेळी पाण्याची खूण दिसेनाशी झाली, तर गेलेला तपशील परत आणता येत नाही. म्हणून कॅमेऱ्यातील मूळ फाइल प्रथम दोन ठिकाणी जतन करावी. वाटपासाठी लहान प्रत निराळी काढावी व तिच्या नावात ‘वाटपप्रत’ असे नमूद करावे. खरे नाव हीच संग्रहाची पहिली नोंद होय.