घरची आघाडी : पहिल्या महायुद्धातील अमेरिका



महायुद्ध म्हटले की खंदक, तोफा आणि पाणबुड्या डोळ्यांपुढे येतात. परंतु युद्ध घराघरांतूनही लढले जाते. त्याला 'होम फ्रंट' म्हणतात. आपण घरची आघाडी म्हणू. आज अमेरिकेचे उदाहरण पाहू.

१९१४ साली युरोपात युद्ध पेटले तेव्हा अमेरिका तटस्थ होती. फेब्रुवारी १९१७ मध्ये जर्मनीने पाणबुड्यांचे अनिर्बंध हल्ले पुन्हा सुरू केले आणि ६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका युद्धात उतरली. जगात लोकशाही सुरक्षित राहावी म्हणून हे युद्ध आहे, असे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सांगितले.

स्वयंपाकघर आणि शाळा

अन्नखात्याचे प्रमुख हर्बर्ट हूव्हर यांनी सक्तीपेक्षा आवाहनावर भर दिला. ठराविक दिवशी गहू खाऊ नका, ठराविक दिवशी मांस खाऊ नका. वाचलेले अन्न सैन्याला आणि मित्रराष्ट्रांना जाईल. गृहिणींनी ते मानले. मुलांनी शाळेच्या बागांत भाज्या लावल्या. पीच फळाच्या कोयासुद्धा गोळा झाल्या, कारण त्यांचा कोळसा विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत वापरत. युद्धरोख्यांतून सुमारे २१ अब्ज डॉलर जमले. स्त्रियांनी कारखान्यांत कामे केली आणि १९२० मध्ये त्यांना देशभर मताधिकार मिळाला.

दुसरी बाजू

पण याच काळात वेगळे मत बोलणे गुन्हा ठरू लागले. १९१७ आणि १९१८ च्या कायद्यांनी युद्धविरोधी भाषणावर बंधने आली. समाजवादी नेते युजीन डेब्ज यांना एका भाषणासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी तुरुंगातून लढवली आणि नऊ लाखांहून अधिक मते मिळवली.

जर्मन भाषेवरही राग निघाला. अनेक शाळांतून ती काढून टाकली गेली. नेब्रास्का राज्यात तर १९१९ मध्ये, युद्ध संपल्यावर, कायदा झाला की आठवी उत्तीर्ण होण्याआधी मुलांना परकी भाषा शिकवायची नाही. रॉबर्ट मायर या शिक्षकाने दहा वर्षांच्या एका मुलाला जर्मन वाचायला शिकवले, म्हणून त्यांना २५ डॉलर दंड झाला. मायर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९२३ मध्ये जिंकले.

मी स्वतः हिंदी माध्यमात शिकलो. मराठी घरी आईकडून आली. शेजारची भाषा मनापासून शिकावी आणि घरची सांभाळावी, हे आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. म्हणून मायर यांची गोष्ट मला दूरची वाटत नाही.

शांततेचे काय झाले?

८ जानेवारी १९१८ रोजी विल्सन यांनी चौदा मुद्दे मांडले. त्यांत राष्ट्रसंघाची कल्पना होती. पारतंत्र्यातील लोकांना आशा वाटली. लोकमान्य टिळकांनी १९१९ मध्ये लंडनहून विल्सन यांना पत्र लिहून भारताच्या स्वयंनिर्णयाची मागणी केली. ती मान्य झाली नाही.

पॅरिसच्या परिषदेला जाताना विल्सन यांनी विरोधी रिपब्लिकन पक्षाचा एकही प्रमुख नेता सोबत नेला नाही. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायचा तह झाला. पण अमेरिकेत सिनेटची दोन-तृतीयांश मते लागत. सिनेटर हेन्री कॅबट लॉज यांनी काही अटी घातल्या. विल्सन तडजोडीला तयार झाले नाहीत, लॉजही हटले नाहीत. नोव्हेंबर १९१९ आणि मार्च १९२० मध्ये तह नामंजूर झाला. ज्या देशाच्या अध्यक्षाने राष्ट्रसंघासाठी एवढा आग्रह धरला, तोच देश त्याचा सदस्य झाला नाही.

मुलांनो, लोकांनी ताटातला घास वाचवून युद्ध जिंकायला मदत केली. पण वेगळ्या मताच्या माणसाबरोबर बसून बोलणे जमले नाही, आणि शांतता अपुरी राहिली. वर्गात, घरात आणि संस्थेच्या सभेतही हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

स्वाध्याय

१. हूव्हर यांनी सक्तीऐवजी आवाहन का निवडले असेल?
२. लॉज यांच्या अटी विल्सन यांनी मान्य करायला हव्या होत्या का? दोन्ही बाजू लिहा.
३. आपल्या घरी मराठी कशी टिकली, हे आजी-आजोबांना विचारून दहा ओळी लिहा.

— प्राचार्य