वारीच्या माहितीपटासाठी कोणती लेन्स?

प्रश्न : आळंदी ते पंढरपूर चालत माहितीपट करायचा आहे. फुल फ्रेम कॅमेरा आहे. मित्र म्हणतात, चार प्राइम लेन्सशिवाय ‘सिनेमासारखं’ चित्र येत नाही. पैसे बेताचे आहेत. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : चार लेन्सची मुळीच गरज नाही. चित्र खुलतं ते प्रकाशामुळे आणि माणसाच्या जवळ गेल्यामुळे. चालत्या दिंडीत लेन्स बदलेपर्यंत फुगडी संपून जाते, शिवाय धूळ आणि पावसाची भुरभुर थेट सेन्सरवर! २४-१०५ एफ/४ ही एकच झूम लावून ठेवा. डोक्यावर तुळस घेतलेली माउली आणि तिच्या भेगाळलेल्या टाचा, दोन्ही त्याच जागेवरून मिळतील. राहुटीत एका बल्बच्या उजेडात भजन रंगतं, तिथे मात्र एफ/४ अपुरी पडते. तेव्हा ५० मिमी एफ/१.८ वापरा. ती स्वस्त आहे आणि जवळपास पाचपट प्रकाश घेते. फक्त फोकस जपा. चेहरा जरा हलला तरी डोळे धूसर होतात. रिंगणासाठी ७०-२०० भाड्याने आणा, विकत नको. निघण्याआधी गावच्या आठवडी बाजारात एक दिवस २४-१०५ झूमवर चित्रीकरण करून बघा.