क्लोकिंग : शोधयंत्राला एक पान, शेतकऱ्याला दुसरे

प्रस्तावना

नवी दिल्लीतील पुसा परिसरातल्या संशोधन संस्थांपासून जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रापर्यंत पीकसल्ला, वाणांची वैशिष्ट्ये आणि बियाण्यांची उपलब्धता ही माहिती आज संकेतस्थळांवरून दिली जाते. शेतकरी मात्र संकेतस्थळाचा पत्ता क्वचितच लक्षात ठेवतो. तो मोबाइलवर पिकाचे व रोगाचे नाव टाकून शोध घेतो आणि वरच्या दोन-तीन निकालांपैकी एखादा उघडतो. त्यामुळे शोधनिकालांत वरचे स्थान मिळावे, ही संस्थांची अपेक्षा रास्त आहे. परंतु ‘हमखास पहिले स्थान’ देण्याचे आश्वासन देणारे काही कंत्राटदार त्यासाठी आडमार्ग वापरतात. ‘क्लोकिंग’ हा त्यांपैकी एक असून त्याचे दुष्परिणाम संस्थेइतकेच शेतकऱ्यालाही भोगावे लागतात.

क्लोकिंग म्हणजे काय?

शोधयंत्राचा स्वयंचलित वाचक, म्हणजे ‘क्रॉलर’, संकेतस्थळाची पाने वाचून त्यांची नोंद ठेवतो. पान मागणारा क्रॉलर आहे की माणूस, हे सर्व्हरला त्याच्या आयपी पत्त्यावरून व ब्राउझरने दिलेल्या ओळखीवरून कळू शकते. या माहितीचा गैरवापर करून क्रॉलरला शोधशब्दांनी भरलेले एक पान आणि वाचकाला भलतेच पान दाखवणे, यास क्लोकिंग म्हणतात. बाजारात नमुना एका मालाचा दाखवून पोत्यात दुसराच माल भरण्यासारखाच हा प्रकार आहे.

वाचकानुसार पानात केलेला प्रत्येक बदल मात्र क्लोकिंग ठरत नाही. मराठी वाचकाला मराठी पान देणे किंवा मोबाइलसाठी वेगळी मांडणी करणे गैर नाही. क्रॉलरलाही सामान्य वाचकाप्रमाणेच वागवले जावे आणि मूळ आशय तोच असावा, एवढीच अट आहे. दिशाभूल करून क्रमवारी वाढवण्याचा हेतू असल्यास तो गुगलच्या स्पॅमविषयक धोरणांचा भंग ठरतो.

दंडाचे स्वरूप

फेब्रुवारी २००६ मध्ये गुगलने बीएमडब्ल्यू या मोटार उत्पादक कंपनीचे जर्मन संकेतस्थळ आपल्या शोधनिकालांतून काढून टाकले. क्रॉलरसाठी शोधशब्दांनी भरलेली पाने ठेवून वाचकाला तेथून आपोआप दुसऱ्या पानावर नेले जात होते. ती पाने हटवल्यानंतर संकेतस्थळ पुन्हा निकालांत आले. एवढ्या मोठ्या नावालाही सूट मिळाली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

अशा कारवाईत एखादे पान किंवा संपूर्ण संकेतस्थळ निकालांत खाली जाते अथवा दिसेनासे होते. दोष दूर करून पुनर्विचाराची विनंती केल्यानंतर निर्णयास काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात. शेतीत हा काळ फार मोठा आहे. सोयाबीनमध्ये उगवणीनंतरच्या तणनाशकाच्या फवारणीची वेळ साधारणपणे पेरणीनंतर १५ ते २५ दिवसांची असते. त्याच काळात संस्थेचा सल्ला शोधात सापडला नाही, तर नंतर तो सापडून उपयोग नाही.

शिवाय रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही. २०१९ मध्ये पीएम-कुसुम योजना सुरू झाल्यानंतर सौरपंपाच्या नोंदणीच्या नावाखाली पैसे उकळणारी बनावट संकेतस्थळे निर्माण झाली आणि दिल्लीतील नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला वारंवार सावधगिरीच्या सूचना द्याव्या लागल्या. अधिकृत पान मागे पडले, की शेतकरी अशा संकेतस्थळांवर पोहोचण्याची शक्यता वाढते.

संस्थेच्या नकळत होणारे क्लोकिंग

काही वेळा क्लोकिंग संस्था स्वतः करत नाही. तिच्या संकेतस्थळात शिरलेले हल्लेखोर करतात. शासकीय पत्त्यांना शोधयंत्रांत असलेली विश्वासार्हता त्यांना आयती मिळते. मे २०२४ मध्ये गोवा, कर्नाटक, केरळ, बिहार आदी राज्यांच्या शासकीय संकेतस्थळांचे दुवे ऑनलाइन सट्ट्याच्या पानांकडे वळवले जात असल्याचे उघडकीस आले होते.

हा प्रकार लवकर लक्षात येत नाही, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. कर्मचारी कार्यालयातील संगणकावर थेट पत्ता टाकून पान उघडतो, तेव्हा त्याला नेहमीचेच पान दिसते. शोधनिकालावरून मोबाइलद्वारे येणारा वाचक तेवढा दुसरीकडे वळवला जातो. म्हणून शेतकऱ्याने केलेल्या तक्रारीवर ‘आमच्याकडे तर व्यवस्थित दिसते’ असे उत्तर देऊन थांबू नये.

प्रतिबंधक उपाय

१. दर आठवड्यास संस्थेची प्रमुख पाने मोबाइलवर शोधनिकालांतून उघडून पाहावीत.

२. आपल्याच संकेतस्थळापुरता शोध मर्यादित करून ‘रमी’, ‘सट्टा’, ‘कर्ज’ असे शब्द मराठीत व इंग्रजीत शोधावेत. अनोळखी पाने आढळल्यास घुसखोरी झाल्याचे समजावे.

३. गुगलच्या ‘सर्च कन्सोल’ या मोफत सुविधेत संकेतस्थळाची नोंदणी करावी. क्रॉलरला प्रत्यक्ष कोणते पान मिळाले ते तेथे पाहता येते. कारवाई झाल्यास सूचनाही तेथेच मिळते. या खात्याचा ताबा कंत्राटदाराकडे न ठेवता संस्थेकडे ठेवावा.

४. कंत्राटात क्रमवारीची हमी मागू नये. क्रॉलर व वाचक यांना एकच आशय दाखवण्याची अट लेखी घालावी.

५. संकेतस्थळाची प्रणाली व तिची पूरक साधने अद्ययावत ठेवावीत. वापरात नसलेली खाती व जुनी उपसंकेतस्थळे बंद करावीत.

६. घुसखोरी आढळल्यास भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकास, म्हणजे ‘सर्ट-इन’ला, ६ तासांच्या आत कळवावे. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार हे बंधनकारक असून सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जतन करणेही आवश्यक आहे.

समारोप

शोधनिकालांत टिकाऊ स्थान मिळवण्याचा मार्ग साधा आहे. शेतकरी ज्या शब्दांत विचारतो त्या शब्दांत शीर्षक द्यावे, सल्ल्यावर दिनांक व हंगाम नमूद करावा, कालबाह्य शिफारशी काढून टाकाव्यात आणि कमी वेगाच्या इंटरनेटवरही पान उघडेल याची काळजी घ्यावी. यास वेळ लागतो. परंतु अशा पानावर शोधयंत्राला जे दिसते तेच शेतकऱ्यालाही मिळते, आणि हंगामाच्या ऐन वेळी ते जागेवर असते.