बहावा व गुलमोहर : कठीण बियांपासून घरच्या घरी रोपे

चैत्र-वैशाखात सातपुड्याच्या उतारांवरील बहुतेक झाडे निष्पर्ण झालेली असतात. अशा रखरखीत दिवसांत बहाव्याचे पिवळेधमक घोस लोंबू लागले, की तोरणमाळच्या घाटातून जाणाऱ्या वाटसरूची दृष्टी तेथे खिळून राहते. असे झाड आपल्या अंगणात, शाळेच्या आवारात अथवा गावच्या रस्त्याकडेला असावे, अशी इच्छा पुष्कळांना होते. शेंगा फुकट मिळतात. त्या फोडून बी मातीत टाकले जाते व महिना दोन महिने पाणी घातले जाते. परंतु शंभर बियांतून चार-पाच रोपेही वर येत नाहीत. मग 'बी वांझ निघाले' असे म्हणून मंडळी तो नाद सोडून देतात. ज्या ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने ते बी वाटलेले असते, त्याच्या पुढच्या सल्ल्यावरचा विश्वासही त्याबरोबर कमी होतो.

वस्तुतः बी वांझ नसते, ते झोपलेले असते. ही झोप कशामुळे असते व ती कशी मोडावी, हे समजले तर त्याच शेंगांतून पुष्कळ रोपे मिळू शकतात.

बी का रुजत नाही ?

बहावा, गुलमोहर, काशीद, शिरीष ही सर्व झाडे शेंगा धरणारी आहेत. त्यांच्या बियांचे कवच टणक व गुळगुळीत असते. कवचाच्या बाहेरच्या थरातील पेशी एकमेकींस घट्ट चिकटून उभ्या असल्यामुळे पाणी आत शिरत नाही. पाणी नाही म्हणून बी फुगत नाही, आणि बी फुगल्याखेरीज अंकुर फुटत नाही. आतील गर्भ मात्र जिवंत असतो.

ही निसर्गाची सोयच होय. नंदुरबार जिल्ह्यासारख्या प्रदेशात वळवाच्या एका सरीने सगळे बी एकदम रुजले, तर पुढे पावसाने ताण दिल्यावर एकही रोप वाचणार नाही. म्हणून काही बी या वर्षी, काही पुढल्या वर्षी, अशी विभागणी होते. जंगलात हे कवच हळूहळू झिजते. बहाव्याच्या शेंगेतील काळा, गोड गर कोल्हे, अस्वले व माकडे खातात. त्यामुळे शेंग फुटते, बी दूरवर पसरते आणि ऊन, पाऊस व माती यांच्या माऱ्याने कवच सैल होते.

असे बी किती काळ जिवंत राहू शकते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. चीनमधून १७९३ साली गोळा केलेले शिरीषाच्या जातीतील एका झाडाचे बी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलेले होते. १९४० साली बॉम्बवर्षावात तेथे आग लागली व ती विझविताना हे बी भिजले. त्यानंतर त्यातील काही बियांना १४७ वर्षांनी अंकुर फुटले. शेतकऱ्याने घरी करावयाचे ते एवढेच, की कवचात पाण्याला वाट करून द्यावयाची.

बी गोळा करणे

झाडावर पूर्ण पिकून वाळलेल्या शेंगाच घ्याव्यात. बहाव्याची शेंग नळीसारखी, काळपट तपकिरी व ३० ते ६० सें.मी. लांब असते. गुलमोहराची शेंग चपटी व लाकडासारखी कठीण असते. बहाव्याची शेंग फोडून बी पाण्यात चोळून धुवावे, म्हणजे चिकट गर निघून जाईल. भोक पडलेले, सुरकुतलेले अथवा पोकळ बी काढून टाकावे. शेंगांत किडीचा उपद्रव पुष्कळदा असतो. निवडलेले बी सावलीत वाळवून कोरड्या डब्यात ठेवावे.

पहिली रीत : गरम पाणी

बी थोडे अधिक असेल तेव्हा ही रीत सोयीची आहे व गुलमोहरास ती चांगली लागू पडते. बियांच्या आकारमानाच्या सुमारे पाचपट पाणी उकळावे. भांडे चुलीवरून खाली उतरवून दोन-तीन मिनिटे थांबावे व मग त्यात बी टाकावे. पाणी आपोआप निवू द्यावे व बी त्यातच २४ तास राहू द्यावे. चुलीवर ठेवून बी उकळू नये. तसे केल्यास गर्भ शिजून मरतो. हे काम मोठ्या माणसांनीच करावे व मुलांना भांड्यापासून दूर ठेवावे.

दुसऱ्या दिवशी काही बी फुगून दुप्पट झालेले दिसेल. तेवढे वेचून त्याच दिवशी पेरावे. फुगलेले बी पुन्हा वाळले तर वाया जाते. न फुगलेल्या बियांवर तीच कृती पुन्हा करावी.

दुसरी रीत : कवच घासणे

बहाव्याचे कवच फारच चिवट असल्याने गरम पाण्याने त्यातील पुष्कळ बी फुगत नाही. त्यासाठी घासण्याची रीत अधिक खात्रीची आहे. बियाची एक बाजू खरबरीत दगडावर अथवा पॉलिश कागदावर घासावी. तपकिरी कवचाखालचा फिका रंग दिसू लागला, की थांबावे. नखे कापण्याच्या साधनाने कवचाचा लहानसा टवका काढला तरी चालते. बी ज्या ठिकाणी शेंगेस चिकटलेले असते, तेथे बारीक खूण असते. अंकुर त्याच बाजूस असल्यामुळे घासणे नेहमी विरुद्ध टोकास करावे. नंतर बी साध्या पाण्यात रात्रभर भिजवावे.

काही रोपवाटिकांत बी गंधकाम्लात बुडवितात. हे आम्ल कातडी व डोळे जाळते. घरी अथवा शाळेत त्याचा उपयोग मुळीच करू नये.

पेरणी व निगा

या झाडांचे सोटमूळ लवकर खोल जाते, म्हणून गादीवाफ्यापेक्षा कुंडी, डबा अथवा पिशवी यांत पेरणे बरे. तळाशी भोके असावीत. दोन भाग माती, एक भाग वाळू व एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण भरावे. तापीकाठच्या काळ्या मातीत वाळूचे प्रमाण थोडे वाढवावे. बी एक ते दीड सें.मी. खोल लावावे. माती ओलसर ठेवावी, पण चिखल होऊ देऊ नये. चिखलात कोवळे रोप बुडाशी कुजते. गुलमोहर साधारणतः आठवडा-दीड आठवड्यात उगवतो. बहाव्यास दोन-तीन आठवडे लागतात. उन्हाळ्यात दुपारच्या वेळी रोपांवर सावली करावी.

फाल्गुनात पेरलेला गुलमोहर जुलैमध्ये लावण्याजोगा होतो. बहावा आरंभी हळू वाढतो. त्याचे रोप वर्षभर जपून पुढील पावसाळ्यात लावावे. १९५० साली सुरू झालेला वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्या वेळी रोपे हाताशी असावीत, असा हिशोब आधीच करावा.

जागा निवडतानाही विचार हवा. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याची मुळे उथळ पसरतात व फांद्या वादळात मोडतात, म्हणून तो घर, विहीर व शेताचा बांध यांपासून दूर लावावा. बहावा येथलाच आहे. त्याच्या पाल्यास गुरे-शेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत. त्यामुळे मोकाट चराई असलेल्या अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवर तो टिकण्याचा संभव अधिक. तरीही पहिली दोन वर्षे काटेरी कुंपण करावेच.

सर्व बियांस एकच उपाय नव्हे

येथे पुष्कळदा चूक होते. कडुनिंब व जांभूळ यांचे बी ताजेच पेरावे लागते. काही आठवड्यांतच त्याची उगवणशक्ती जाते व गरम पाण्याने तर ते मरते. राज्यपुष्प असलेल्या तामणाचे बी हलके व पंखाचे असते. ते मातीवर पसरून वर चाळलेल्या मातीचा पातळ थर द्यावा. सागाचे फळ आळीपाळीने भिजवून व वाळवून घ्यावे लागते. झाडाचे बी पाहिल्याखेरीज उपाय सांगू नये.

गावासाठी एक प्रात्यक्षिक

कार्यकर्त्याने बहाव्याचे साठ बी घ्यावे व त्याचे वीस-वीसचे तीन भाग करावेत. एक भाग तसाच ठेवावा, दुसऱ्यावर गरम पाण्याची कृती करावी व तिसरा घासून भिजवावा. तिन्ही भाग शाळेच्या पडवीत वेगवेगळ्या डब्यांत पेरून वर चिठ्ठ्या लावाव्यात. दर आठवड्यास उगवलेली रोपे मुलांकडूनच मोजून घेऊन आकडे फळ्यावर लिहावेत. महिन्याअखेरीस तीन डबे शेजारी ठेवले, म्हणजे व्याख्यानाची गरज उरत नाही. ज्या शेतकऱ्याने पूर्वी बी फेकून दिले असेल, त्यास ते डबे अवश्य दाखवावेत व जाताना त्याच्या हाती मूठभर बी द्यावे.